हमीपत्रातली ती एक ओळ काढा

प्रति,
मा. कुलगुरू,
मा. संचालक, क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळ,
मा. प्राचार्य,
महाराष्ट्रातील सर्व विद्यापीठे आणि संलग्न महाविद्यालये

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात रात्री साडेनऊच्या सुमारास मला एका मुलाचा फोन आला. आठवीत असल्यापासून तो माझ्याकडे फुटबॉल शिकायला येत होता. आता बाहेरगावी कॉलेजात आहे, सेकंड इयरला. सुरुवातीला नुसता श्वास ऐकू आला. मग म्हणाला, "सर, कोणी धक्का पण मारला नाही. वळलो आणि गुडघ्यात कट्ट झालं."

मी होतो तिथेच खाली बसलो. तो आवाज माझ्या ओळखीचा आहे. डिसेंबर २०१३ मध्ये माझ्या डाव्या गुडघ्यातून तो आला होता, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात, उत्तरार्धात. तेव्हा मी वीस वर्षांचा होतो आणि अंगात आठ नंबरची जर्सी होती. त्यानंतर मी स्पर्धेचा एकही पूर्ण सामना खेळलेलो नाही.

हे पत्र मी त्या मुलासाठी लिहितो आहे, आणि दुखापतीची जबाबदारी झटकणाऱ्या हमीपत्रातल्या एका ओळीसाठी. पण तुम्हाला सगळं नीट कळायचं तर आधी माझं सांगावं लागेल.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे काय हे ज्यांनी शाहू स्टेडियमवर पेठांचा सामना बघितला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. तालमीत जसा लाल मातीला पाय लागतो तसाच आमच्या पोरांचा पाय चेंडूला लागतो, वयाच्या पाचव्या-सहाव्या वर्षी. याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याच्या मागे अशी शेकडो पोरं आहेत, ज्यांचं नाव पेठेबाहेर जात नाही, पण ज्यांना बारावीनंतर कॉलेजं शोधत येतात. मलाही असंच एक कॉलेज शोधत आलं, दुसऱ्या जिल्ह्यातलं. नाव लिहीत नाही. कुणा एकाला पिंजऱ्यात उभं करावं म्हणून मी हे लिहायला बसलेलो नाही. त्यांनी स्पोर्ट्स कोट्यातून प्रवेश दिला, हॉस्टेल दिलं, ट्रॅकसूट दिला. त्याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे. वडील शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला होते. पोरगं फुटबॉलच्या जोरावर ग्रॅज्युएट होणार याचा त्यांना किती आनंद झाला होता, ते मी पाहिलं आहे.

प्रवेशाच्या वेळी त्यांनी एका हमीपत्रावर सही केली. ते मी अजून जपून ठेवलं आहे. त्यातली चौथी ओळ अशी आहे: "सराव अथवा स्पर्धेदरम्यान माझ्या पाल्यास दुखापत झाल्यास त्यास महाविद्यालय जबाबदार राहणार नाही." वडिलांनी खिशातला पेन काढून, चष्मा वर करून, ती ओळ न वाचता सही केली. वाचली असती तरी केली असती. दुसरा मार्ग काय होता?

त्या दिवशी मैदान दगडासारखं झालं होतं. पाऊस संपून दोन महिने होऊन गेले होते, गवत कधीच गेलेलं. आम्ही सकाळी साडेसहाला टेम्पोतून उतरलो, मैदानाला दोन फेऱ्या मारल्या, पाय ताणले आणि खेळायला उभे राहिलो. यालाच आम्ही वॉर्मअप म्हणायचो. मधल्या फळीत पास घेतला, डावा पाय रोवला आणि उजवीकडे वळलो. स्टड जमिनीत अडकले, अंग फिरलं, गुडघा फिरला नाही. आवाज मला आधी ऐकू आला, दुखलं नंतर.

मैदानावर डॉक्टर नव्हता. फिजिओ नव्हता. अ‍ॅम्ब्युलन्स नव्हती. दोघांनी काखेत हात घालून मला बाहेर आणलं आणि तेवढ्यात माझा पाय जमिनीवर दोनदा टेकला. कुणीतरी पळत जाऊन रस्त्यापलीकडच्या रसाच्या गुऱ्हाळातून प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फ आणला. त्या बर्फाला उसाचा वास होता. आजही कुठे रस प्यायला गेलो की तो वास येतो आणि माझा हात आपोआप गुडघ्यावर जातो.

दुपारपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला. एक्स-रे काढला. हाड मोडलेलं नव्हतं. "मुका मार आहे, आठ-पंधरा दिवसांत पळायला लागशील," असं सांगून क्रेप बँडेज बांधलं. सगळ्यांना हायसं वाटलं, मलाही.

इथे जरा थांबून सांगतो, कारण माझ्यासारखी पोरं नेमकी इथेच कायमची जातात. एक्स-रेमध्ये लिगामेंट दिसत नाही. मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत तिरकं बांधून ठेवणारी एक दोरी असते, तिला एसीएल म्हणतात. ती तुटली की बहुतेक वेळा दोन-चार तासांतच गुडघा टम्म फुगतो, कारण आत रक्त साठतं. कोणाचा धक्का लागलेला नाही, वळताना आवाज आला आणि लगेच सूज चढली, एवढं ऐकून जाणता फिजिओ सावध होतो. गुडघा थोडा वाकवून, नडगी पुढे ओढून बघतो. दोन मिनिटांचं काम आहे. मग एमआरआय. ही दोन मिनिटं मला मिळाली असती तर पुढचं बरंच टळलं असतं, अशी माझी पक्की खात्री आहे.

ती मिळाली नाहीत. सूज उतरली. चालता यायला लागलं, सरळ रेषेत पळताही यायला लागलं. लिगामेंट तुटलेल्या माणसाला सरळ पळता येतं, आणि तिथेच फसायला होतं. तेविसाव्या दिवशी आंतरविभागीय सामना होता. मला कोणी जबरदस्ती केली नाही, हे मी प्रामाणिकपणे लिहितो. "बघ, जमत असेल तर," एवढंच म्हणाले. वीस वर्षांच्या पोराला, ज्याचं प्रवेश, हॉस्टेल, जेवण सगळं त्या जर्सीवर अवलंबून आहे, त्याला "जमत असेल तर" म्हणजे काय ऐकू येतं याचा विचार तुम्ही करा. मी नीकॅप चढवून उतरलो. अकराव्या मिनिटाला गुडघा निसटला. या वेळी लिगामेंटच्या जोडीला आतली गादीही फाटली.

ऑपरेशनचा खर्च दीड लाखाच्या वर सांगितला. कॉलेजला अर्ज केला. दरवर्षी फीच्या पावतीवर जिमखाना फी असते, विद्यार्थी विम्याचे पैसेही घेतलेले होते. उत्तर आलं की विमा अपघाती मृत्यूसाठी आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे: हात, पाय किंवा डोळा गेला तर. माझा पाय गेलेला नव्हता. तो जागेवर होता, फक्त त्याच्यावर भरवसा ठेवून मला जिना उतरता येत नव्हता. लिगामेंट तुटणं हा फुटबॉलमधल्या सगळ्यात मोठ्या दुखापतींपैकी एक, आणि फुटबॉल खेळणाऱ्या पोरांसाठी काढलेल्या विम्यात तिला रकानाच नाही.

पैसे कुठून आले? पेठेतून. आमच्या तालमीच्या पोरांनी वर्गणीची वही काढली. भाजीवाल्या मावशींपासून गॅरेजवाल्यापर्यंत नावं आहेत त्यात, वीस रुपये, पन्नास रुपये, पाचशे. उरलेले वडिलांनी पतसंस्थेतून काढले. ज्या कॉलेजसाठी मी पडलो त्याचं नाव त्या वहीत नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. मांडीच्या मागचे कंडरे काढून नवा लिगामेंट बसवला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: अर्धं काम माझं, अर्धं फिजिओचं, नऊ महिने मैदानाकडे फिरकायचं नाही आणि रोज व्यायाम. फिजिओ एका सिटिंगचे तीनशे रुपये घ्यायचे. जाण्या-येण्याचा रिक्षाखर्च वेगळा, कारण कुबड्या घेऊन केएमटीच्या बसमध्ये चढता येत नव्हतं. सहा आठवडे कसेबसे काढले. मग पतसंस्थेचा हप्ता सुरू झाला आणि मी घरीच करतो म्हणालो.

आई ब्लाउज शिवायची. तिच्या टेपने मी दर रविवारी दोन्ही मांड्या मोजायचो. उजवी बावन्न सेंटिमीटर, डावी सत्तेचाळीस. कॅलेंडरवर आकडे लिहायचो. पाच सेंटिमीटरचा फरक चारवर आला आणि तिथेच अडकला. आईने एकदा टेप माझ्या हातातून घेतली आणि मशीनच्या खणात ठेवली, काही न बोलता. त्यानंतर मी मोजलं नाही.

वर्षाने परत सरावाला गेलो. पाय वळायला घाबरायचा. डोकं सांगायचं वळ, पाय ऐकायचा नाही. तोवर कोट्यातून नवीन पोरं आली होती, हॉस्टेलची खोली गेली होती, आणि हजेरी कमी भरल्याने एक सेमिस्टर मागे पडलं होतं. आंतरविद्यापीठ स्पर्धेला २५ वर्षांची अट असते. एवढ्यातच एक-दोन वर्षं गेली की पुढे उरतं किती? सर आशुतोष मुखर्जी करंडकाच्या स्पर्धेत विद्यापीठाकडून खेळायचं, पदक आणायचं, मग सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणातून पोलिसात जायचं, असा साधा हिशोब होता माझा. पदक लागतं त्याला. पदकाच्या आधीच ज्याचा गुडघा गेला त्याच्यासाठी त्या जीआरमध्ये काही नाही.

मी खूप दिवस समजत होतो की माझं फुटबॉल त्या कट्ट आवाजाने संपवलं. आता तसं वाटत नाही. एसीएल तुटून परत आलेले खेळाडू जगभर आहेत. त्यांना योग्य निदान मिळालं, वेळेत ऑपरेशन मिळालं आणि नऊ-दहा महिने रोज फिजिओ मिळाला. मला यातली एकच गोष्ट मिळाली, तीही पेठेच्या वर्गणीतून.

अंथरुणावर पडून असताना मी दिसेल ते वाचत होतो, तेव्हा अमेरिकेतल्या केंट वॉल्ड्रेपबद्दल वाचलं. त्यांचं फुटबॉल वेगळं, अंडाकृती चेंडूचं, पण तोही कॉलेजचाच खेळाडू. टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटीकडून २६ ऑक्टोबर १९७४ रोजी बर्मिंगहॅममध्ये अलाबामाविरुद्ध खेळताना तो डोक्यावर पडला आणि मानेखालचं शरीर निकामी झालं. विद्यापीठाने काही महिने दवाखान्याची बिलं भरली, मग थांबवली. पुढे त्याने कामगार भरपाईचा दावा केला. म्हणणं साधं होतं: मी विद्यापीठासाठी खेळत होतो, त्या बदल्यात मला शिष्यवृत्ती मिळत होती, तर मी त्यांचा माणूस नाही का? १९९३ मध्ये टेक्सासच्या कामगार भरपाई आयोगाने त्याचं ऐकलं, आठवड्याला ७० डॉलर आणि औषधोपचाराचा खर्च मंजूर केला. विद्यापीठाची विमा कंपनी कोर्टात गेली. १९९७ मध्ये ज्युरीने आणि २००० मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की तो कर्मचारी नव्हता. कित्येक वर्षं त्या माणसाने ही एक गोष्ट विचारली, आणि अपंगांच्या हक्कांसाठीच्या १९९० च्या अमेरिकी कायद्यासाठीही तो झटला.

त्याच्याही आधी, १९५५ मध्ये, कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस कॉलेजचा रे डेनिसन हा खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून गेला. मागे बायको आणि तीन मुलं. तिने भरपाई मागितली. १९५७ मध्ये कोलोरॅडो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली, कारण कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करत नाही. त्याच काळात अमेरिकेतल्या कॉलेज क्रीडा संघटनेने, एनसीएएने, 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द रूढ केला. खेळाडूला नोकर ठरवून भरपाई मागता येऊ नये म्हणून तो पुढे आणला, हे संघटनेचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे.

हे मी का सांगतो? तिथे विद्यापीठं फुटबॉलवर कोट्यवधी डॉलर कमावतात, आपल्याकडे तसं काही नाही, हे मला कळतं. आपल्या कॉलेजांची क्रीडा विभागाला द्यायच्या पैशांची ओढाताण मी जवळून बघितली आहे. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेला पैसे नसतात तिथे फुटबॉलचं काय घेऊन बसलात, असं तुम्ही म्हणाल. पण वडिलांच्या हमीपत्रातली चौथी ओळ आणि त्या दोन निकालांतलं म्हणणं एकच आहे. ट्रॉफी आली की खेळाडू आमचा, गुडघा गेला की त्याच्या बापाचा. आणि जिथे हे म्हणणं कोर्टात जिंकलं, त्या अमेरिकेतही ते आता पहिल्यासारखं राहिलेलं नाही. १ ऑगस्ट २०२४ पासून एनसीएएच्या वरच्या गटातल्या विद्यापीठांना खेळताना झालेल्या दुखापतीचा उपचारखर्च खेळाडू बाहेर पडल्यानंतरही किमान दोन वर्षं द्यावा लागतो. सत्तर वर्षं लागली त्यांना. आपल्याला तेवढी लागायचं कारण नाही.

मी तुमच्याकडे स्टेडियम मागत नाही. त्या हमीपत्रातली चौथी ओळ काढा आणि तिच्या जागी लिहा की सराव किंवा स्पर्धेत झालेल्या दुखापतीचं निदान, शस्त्रक्रिया आणि फिजिओथेरपी यांची व्यवस्था महाविद्यालय व विद्यापीठ करेल, खेळाडू पुन्हा उभा राहीपर्यंत. माझ्या मते यातला फिजिओथेरपी हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. ऑपरेशनला वर्गणी निघते. ऑपरेशन सगळ्यांना दिसतं. आठव्या महिन्यातल्या एकशेविसाव्या सिटिंगला कोणी वर्गणी देत नाही. विद्यापीठाने आपल्या सगळ्या नोंदणीकृत खेळाडूंचा एकत्र विमा काढला आणि त्यात लिगामेंटच्या दुखापतीचं नाव घालून घेतलं, तर एका खेळाडूमागे येणारा बोजा जिमखाना फीतून उचलता येण्यासारखा असेल. विमा कंपन्यांना विचारून तरी बघा. एकटं कॉलेज विचारतं तेव्हा त्याला कोणी दाद देत नाही, विद्यापीठाच्या नावाने दोनशे-तीनशे कॉलेजं मिळून विचारतील तेव्हा देतील.

मैदानावर फिजिओ ठेवणं त्याहून सोपं आहे. जवळपास प्रत्येक विद्यापीठाच्या हद्दीत फिजिओथेरपीची कॉलेजं आहेत, त्यांच्या इंटर्नना शिकायला अशीच जागा हवी असते. त्यांच्या प्राचार्यांशी एक बैठक झाली तर पुढच्या हंगामात प्रत्येक सामन्याला दोन इंटर्न उभे राहू शकतील. आणि त्या इंटर्नने 'हा आज खेळणार नाही' असं लिहून दिलं की ते शेवटचं. त्यावर सर नाहीत, प्राचार्य नाहीत, खेळाडू स्वतःही नाही. मला त्या तेविसाव्या दिवशी 'नाही' म्हणणारं कोणीतरी हवं होतं. माझ्या तोंडून ते निघणं शक्य नव्हतं.

वॉर्मअपला तर पैसाही लागत नाही. फिफाने 'इलेव्हन प्लस' नावाचा वीस मिनिटांचा व्यायामक्रम बनवलेला आहे. चेंडू आणि मोकळी जागा, एवढंच लागतं: पळणं, पोटाचे-मांडीचे व्यायाम, एका पायावर तोल, उडी मारून गुडघा आत न पडू देता उतरणं. अमेरिकेतल्या कॉलेजच्या पुरुष संघांवर, आपल्याच पायाने खेळायच्या फुटबॉलमध्ये, त्याची चाचणी घेतली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तो नियमित करणाऱ्या संघांमध्ये दुखापतींचं प्रमाण सुमारे ४६ टक्क्यांनी कमी निघालं. मी माझ्या पोरांकडून आठवड्यातून तीनदा हा करून घेतो. पहिल्या महिन्यात कंटाळतात, कुरकुर करतात. नंतर कोणी उशिरा आला तर स्वतःच कडेला जाऊन आधी तेवढा पूर्ण करतो. ज्या मुलाचा फोन आला, तोही माझ्याकडे असताना करायचा. कॉलेजात गेल्यावर सुटलं. तिथे दोन फेऱ्या आणि पाय ताणणं, मी खेळायचो तेव्हा होतं तेच.

हजेरीचं आणि परीक्षेचं एकच सांगतो. खेळताना जखमी झालेल्या विद्यार्थ्याला वैद्यकीय दाखल्यावर हजेरीतून सूट मिळावी आणि त्याचा कोटा, त्याची हॉस्टेलची खोली बरं होईपर्यंत टिकावी. एवढं तर एका परिपत्रकाने होईल.

त्या मुलाचं थोडं सांगतो. फोनवरच मी त्याला पायावर भार द्यायचा नाही म्हणून बजावलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने गेलो. त्यालाही मुका मारच सांगितला होता. तिसऱ्या दिवशी एमआरआय केला. एसीएल पूर्ण तुटलेला आहे, गादी मात्र शाबूत आहे. याचा अर्थ त्याला अजून संधी आहे, माझ्यापेक्षा खूप चांगली. ऑपरेशनची तारीख मिळाली आहे. त्याचे वडील हातगाडीवर वडापाव विकतात. कॉलेजात त्यांनी अर्ज दिला, तर तिथल्या बाबूंनी त्यांना हमीपत्राची झेरॉक्स दाखवली. तीच ओळ, फक्त आता कॉम्प्युटरवर टाइप केलेली. तालमीत वर्गणीची वही निघाली आहे. पहिलं नाव मी लिहिलं.

नव्या शैक्षणिक वर्षाचे प्रवेश जूनमध्ये सुरू होतील आणि अशी हमीपत्रं पुन्हा छापायला जातील. त्याआधी तुमच्या क्रीडा मंडळाच्या एका बैठकीत हा विषय घ्यावा, एवढी विनंती आहे. मला बोलावलंत तर मी येईन. माझी फाइल घेऊन येतो: २०१३ चा एक्स-रे, जानेवारीतला एमआरआय, कॉलेजचं उत्तर, वडिलांच्या सहीचं हमीपत्र आणि ते कॅलेंडर. त्या मुलाची फाइलही, त्याच्या घरच्यांनी परवानगी दिली आहे. शाळेत मला शनिवारी अर्धा दिवस असतो आणि रविवारी सकाळी नऊपर्यंत मी मैदानावर असतो. त्यानंतर कुठल्याही विद्यापीठात, कुठल्याही वेळी.

आपला,
आठ नंबरची जर्सी घालणारा एक माजी कॉलेज खेळाडू,
सध्या मुलांचा प्रशिक्षक,
कोल्हापूर